गोळा कमी का गेला

...तर मला म्हणतात, कुसुमताई, तुम्ही पोरींना जिद्दीवर चार शब्द सांगा. आता मी काय सांगणार जिद्दीवर? मी चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, माझ्याकडे शब्द असते तर मी पोळ्या कशाला लाटल्या असत्या, नगरसेवक नसते का झाले? पण ऐकत नाहीत. म्हणे, यंदा पोलीस भरतीत आपल्या पुनावळ्याच्या बऱ्याच पोरी राहिल्या, खचल्यात, आणि तुमची स्वरूपा बघा, दोनदा राहिली तरी रोज सकाळी ग्राउंडवर असते, म्हणजे तुम्ही घरात तिला काहीतरी सांगितलं असणार. नाही हो. मी काही सांगितलं नाही. सांगितलं ते बाकीच्यांनी, आणि ते कुठं उभं राहून सांगितलं, कसं सांगितलं, ते एकदा ऐका, मग मला परत म्हणा की पोरींना धीर द्या.

गुरुवार होता. आता आपल्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कंपन्यांना सुट्टी, म्हणजे आमचे हे घरी. हे म्हणजे ज्योतीराम, स्वरूपाचे पप्पा, कंपनीत क्वालिटीला आहेत, ब्रेकचे पार्ट तपासतात. माणूस सोन्यासारखा आहे, मी नाही म्हणत नाही, पण क्वालिटीचा माणूस सुट्टीच्या दिवशी घरात असणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात आहे त्यांनाच विचारा... पोळी ताटात पडली की उचलून उजेडात धरतात, एका बाजूला जाड आहे म्हणतात. असो. दुपारी स्वरूपा भरतीच्या ग्राउंडवरून आली. बूट काढले. एकाशेजारी एक नीट ठेवले. आणि तुम्हाला सांगते, ही पोर जन्मात कधी बूट नीट ठेवत नाही, एक दारात आणि एक सोफ्याखाली, म्हणून ते नीट ठेवलेले बूट बघितले आणि माझ्या पोटात गोळा आला... आता हा शब्द आमच्या घरात वापरायची सोय राहिली नाही, का ते पुढं कळेलच. मी विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "गोळ्यात गेले. आई, आता बास, आता मी परत जाणार नाही." आणि आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

बरं, बास म्हणून कसं चालेल? मागच्या वेळी धावतानाच पाय मुरगळला, तिथूनच उचलून आणली, गोळाफेकीपर्यंत पोचलीच नाही. ही दुसरी वेळ. वयाचा हिशोब केला तर अजून एक भरती तिला मिळते, त्यानंतर नाही. म्हणजे आत्ता हिनं सोडलं तर सुटलंच. लहानपणापासून त्या खाकीचं वेड. आणि गोळ्यात जावी? धावण्यात गेली असती तर मी समजले असते, पण गोळा? गोळा तर हिचा हुकमी. इथं मोकळ्या प्लॉटवर चुन्याची रेघ मारली होती, पूर्ण मार्कांची, आणि रोज सकाळी हिचा गोळा रेघेच्या पलीकडे. रोज. तिसऱ्या मजल्यावरचे विलासभाऊ गॅलरीतून टाळ्या वाजवायचे. त्यांनी तर पेढे सांगूनसुद्धा ठेवले होते.

आणि तो गोळा म्हणजे साधासुधा गोळा नव्हे बरं का. दुकानात मिळतो, बाकीच्या पोरी घेतात. पण आमचे हे म्हणाले, "बाजारातला माल? फिनिशिंग बघितलंय का त्याचं?" कंपनीच्या भंगारातला लोखंडाचा एक तुकडा रीतसर गेटपास करून आणला, तळवड्याच्या बबनरावांच्या वर्कशॉपमध्ये नेला, लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत घासायच्या मशीनवर, चढवला. दोघं त्या गोळ्याच्या मागे असे लागले की विचारू नका. गोल झाला तर म्हणे अजून एक हात मारू, इथं जरा उंचवटा आहे. उंचवटा गेला तर म्हणे आता बाकीचं त्याच्या लेव्हलला आणू. घरी आणल्यावर हे व्हर्निअरची मापपट्टी लावून सगळीकडून मोजत बसायचे, पाहुण्यांना हातात द्यायचे, "बघा, कुठंही माप घ्या, केसाचा फरक नाही." तोंड दिसायचं त्यात. स्वरूपा त्यात बघून टिकली लावायची.

तर दार बंद. मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ, रडू दे, भूक लागली की येईल. पण हे कुठले ऐकतायत? खुर्ची उचलली, दारासमोर ठेवली, बसले, घसा साफ केला आणि सुरू. काय सुरू? व्हाय-व्हाय. तुम्हाला माहिती नसेल तर सांगते, यांच्या कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की व्हाय-व्हाय करतात, म्हणजे एकदा विचारायचं का, उत्तर आलं की परत विचारायचं का, असं पाच वेळा, मग म्हणे खाली खरं कारण सापडतं. आता मला सांगा, पार्ट लोखंडाचा, त्याला कितीही विचारा, त्याला काय वाटणार आहे? पण हे आमचं लेकरू. हे म्हणतात, "स्वरूपा, बेटा, रिजेक्शन का आलं? मार्क कमी पडले. मार्क कमी का पडले? गोळा कमी गेला. आता तू सांग, गोळा कमी का गेला?" आतून काही नाही. "टेन्शन आलं होतं का? पकड सुटली का? पाय रेघेवर पडला का?" काही नाही. मी म्हटलं, अहो उठा, ते पोरगं आहे, ब्रेकचा पाइप नाही. तर मला म्हणतात, "तू थांब. प्रोसेसच्या मध्ये बोलायचं नाही." आणि दार बंद.

मी स्वयंपाकघरात गेले, पण हात कशाला लागेना. भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायचीच विसरले. कान सगळा त्या खोलीकडे. आत पंखा चालू होता, आमचा तो पंखा कुरकुर करतो, रोज मी त्याच्या नावानं बोटं मोडते, पण त्या दिवशी तुम्हाला सांगते, ती कुरकुर मला देवासारखी वाटत होती. कुरकुर येतेय म्हणजे पंखा फिरतोय, पंखा फिरतोय म्हणजे लेकरू त्याखाली पडलंय गुमान. आपण पेपर वाचतो ना. परीक्षेत राहिले, भरतीत राहिले, आणि मग ते छोट्या अक्षरात येतं, आतल्या पानावर. आई म्हणून ते पान मी कधी पुरतं वाचलेलं नाही, उलटून टाकते. आणि त्या दिवशी ती सगळी न वाचलेली पानं माझ्या डोळ्यापुढं.

तेवढ्यात बेल. विलासभाऊ. हातात पेढ्यांचा बॉक्स, कारण सांगून ठेवलेले पेढे आता दुकानदार परत घेईना. चेहरा एकदम कार्यक्रमाला आल्यासारखा. "वहिनी, काळजी करू नका, मी बोलतो. आजच्या पिढीला योग्य शब्दात सांगावं लागतं." आणि दारापाशी जाऊन काय सांगितलं असेल? मुंगी. भिंतीवर चढणारी मुंगी. "स्वरूपा, कल्पना कर, एक मुंगी आहे. ती चढते, पडते. परत चढते, परत पडते..." आणि तुम्हाला सांगते, ती मुंगी काही वर पोचेना. आवाज असा लावलेला, जसं काही रेडिओवर आहेत, आणि मध्ये मध्ये थांबतात, आतून प्रतिसाद येतो का बघायला. मी मनात म्हणते, बाई, ती मुंगी एकदाची चढव नाहीतर मार, पण संपव. शेवटी मुंगी चढली. विलासभाऊ म्हणाले, "म्हणजे काय? अपयश ही यशाची पहिली पायरी आहे." तर हे खुर्चीवरून म्हणतात, "पायरी नाही विलासभाऊ, अपयश हा डेटा आहे." त्यावर त्या दोघांचं तिथंच जुंपलं, पायरी का डेटा, डेटा का पायरी, पेढ्यांचा बॉक्स मध्ये, आणि दार बंद.

आता एवढा आवाज झाल्यावर चिमाआत्या येणार नाहीत असं होईल का? चिमाआत्या म्हणजे आमच्या घरमालकांच्या आई. ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या हरभऱ्याच्या वावरात, आणि त्या हे रोज एकदा तरी सांगतात. काठी टेकत आल्या, दारावर काठीनंच टकटक केलं. "ए पोरी. आगं उघड की. कशाला त्यो लोखंडाचा गोळा फेकीत बसलीयास? आमी जलमभर धोंडं उचललं, आमाला कुणी मार्क दिलं न्हाई. त्या राजगुरुनगरच्या पोराचं मी सांगितलं व्हतं, कंपनीत परमनंट हाय, दोन एकर रोडटच हाय, व्हय म्हन, उद्या बोलावते." मी म्हटलं, आत्या, हे आत्ता नको. तर म्हणतात, "मंग कवा? पोरगी राहिली की त्याच दिशी इचारायचं आसतं, मन मऊ आसतं." बघा म्हणजे, यांच्याकडेही प्रोसेस आहेच.

असं सगळं चाललेलं. तिघंही दाराशी, तिघांची तीन तोंडं, एक का-का करतोय, एक मुंगी चढवतोय, एक नवरा आणतेय. आणि लाईट गेली.

गुरुवार ना. लाईटवाल्यांची दुरुस्ती पण गुरुवारीच. पंखा थांबला. कुरकुर हळूहळू कमी होत गेली आणि बंद. आणि तुम्हाला सांगते, एकदम सगळं घर गप्प झालं, विलासभाऊ मुंगीसकट गप्प, आणि त्या शांततेत आतून काहीसुद्धा नाही. हुंदका नाही, कूस बदलल्याचा आवाज नाही, काही नाही. मी दारापाशी गेले, कान लावला. स्वरूपा. काही नाही. स्वरूपा, लेकरा, नुसतं हूं म्हण. काही नाही. मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले, विलासभाऊ म्हणाले वहिनी शांत, मी म्हटलं शांत तुम्ही व्हा, बाजूला व्हा, अहो दार तोडा. अहो तोडा ना दार. आणि बघते तर खुर्ची रिकामी. हे नाहीतच.

इकडं पोर आत, हूं नाही का चूं नाही, आणि बाप गायब? मी गॅलरीत धावले. खाली बघते तर हे रस्ता ओलांडतायत, पायात चप्पल नाही, दोन्ही हातांत तो गोळा, छातीशी धरलेला. समोरच्या भाजीवाल्याकडे गेले. त्याचा तो बॅटरीवरचा काटा असतो, त्यावरची मेथीची जुडी यांनी उचलून बाजूला ठेवली आणि गोळा ठेवला. बघितलं. उचलला, परत ठेवला. भाजीवाल्यानं काटा पुसून दिला, परत ठेवला. भाजीवाला काहीतरी बोलून हसला, आणि आमचे हे तिथंच फुटपाथच्या कडेला खाली बसले. डोकं धरून. मला काही कळेना. आत पोर बोलत नाही, बाप रस्त्यावर बसलाय, लाईट नाही, आणि मागून चिमाआत्या म्हणतायत, "ज्योतीरामला ऊन लागलं का काय?"

वर आले ते कसे आले त्यांनाच माहिती. घामानं भिजलेले. मी म्हटलं, अहो आधी दार... तर त्यांनी मला हातानं थांबवलं. खुर्चीवर बसले नाहीत, खाली फरशीवर बसले, दाराला टेकून. आणि या माणसाचा असा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. "स्वरूपा," म्हणाले, "तुला का-का विचारत बसलो, मग वाटलं एकदा गोळ्यालाच विचारावं. गोळा हलका होता गं. आपला. सरावाचा. आधी वजन बरोबर चार किलो होतं. मग आम्ही लेथवर घासत बसलो. गोलाई मोजली, फिनिशिंग मोजलं, सगळं मोजलं. परत वजन नाही केलं."

मला तर आधी समजलंच नाही, मग समजलं, म्हणजे ही पोर एवढे महिने हलका गोळा फेकत होती, म्हणून रोज रेघेच्या पलीकडे, आणि तिथं खरा गोळा हातात आला. अहो, हिचा हात तेवढाच होता, हिची मेहनत तेवढीच होती, आणि आम्ही बाहेर बसून हिला मुंगी सांगत होतो. मला इतका राग आला, इतका राग आला, पण कुणावर काढू, तो माणूस तर आधीच जमिनीवर बसलेला.

आणि कडीचा आवाज आला.

दार उघडलं. उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. जिवंत, धडधाकट, जांभई दाबत. मी तिला धरलं ते सोडेचना. ती म्हणते, "आई, दुखतंय." मी म्हटलं, हाक मारली तर ओ द्यायला काय झालं होतं? म्हणते, "झोप लागली होती. विलासकाकांच्या मुंगीपर्यंत जागी होते." विलासभाऊ म्हणाले, "म्हणजे शेवट ऐकलाच नाहीस?" तुम्हाला सांगते, मी त्या माणसाला तिथंच पेढ्यांचा बॉक्स फेकून मारणार होते.

मग ती यांच्याकडे वळली. "माहिती आहे, पप्पा," म्हणाली. "तिथला गोळा हातात घेतला ना, तेव्हाच कळलं. मनगट खाली गेलं." हे वर बघतच राहिले. मी म्हटलं, अगं मग सांगायचं ना आल्या आल्या, दार कशाला लावून घेतलंस, जीव घेतलास आमचा. तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाहेर असते तर पप्पांनी विचारलं असतं, गोळा कमी का गेला. आणि खोटं मला येत नाही."

अहो, म्हणजे आम्ही सगळे इकडून तिचा धीर सुटू नये म्हणून दाराला चिकटलेलो, आणि ती पोर आतून बापाचा धीर सुटू नये म्हणून कडी लावून बसलेली. त्याला त्याच्या गोळ्याचं किती कौतुक ते तिला ठाऊक. भरती गेली तरी चालेल, पण बापाला ते कळू नये. आणि म्हणून आता बास, परत जाणार नाही. कारण परत जायचं तर नवा गोळा मागावा लागला असता, आणि नवा मागितला की बाप विचारणार, का? मला रडू आलं. मी पदर लावला डोळ्याला, चिमाआत्यांनीही लावला, त्यांना काय झालं होतं ते त्यांना कळलं नव्हतं पण लावला.

हे मात्र उठेनात. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझी चूक आहे. लिहून ठेव, रूट कॉज ज्योतीराम." तर ती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली, मांडीला मांडी लावून. म्हणाली, "तुम्हीच सांगता ना पप्पा, तुमच्या कंपनीत कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहिलं तर ऑडिटर कागद परत पाठवतो? माणूस चुकणारच. चेकिंग कुठं राहिलं ते बघायचं. मग आपलं काय राहिलं?" हे हळूच म्हणाले, "वजन." "बास," ती म्हणाली, "मग तेवढंच." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, "आई, काही खायला आहे का?" काय असणार, एका बाजूनं जळलेली भाकरी होती. खाल्ली दोघांनी. हे एक शब्द बोलले नाहीत, जळकी बाजू वर आली तरी नाही. खाता खाताच ती म्हणाली, "पप्पा, उद्या खरा गोळा घेऊन या. दुकानातला."

तर पोरींनो, माझ्याकडे जिद्दीचं एवढंच आहे बघा. हरून आलेल्या माणसाला आधी जेवू घाला, निजू द्या, मुंगी सांगू नका. आणि परत उभं राहायच्या आधी कमी कुठं पडलं ते वजन करून बघा, कारण प्रत्येक वेळी कमी पडतं ते मनच असतं असं नाही, कधी कधी नुसतं लोखंड कमी असतं.

आता नवा गोळा आणलाय. हिचा तो रेघेच्या बराच अलीकडे पडतो, खोटं कशाला सांगू. थोडा थोडा पुढं सरकतोय, पोचेल का नाही ते पुढच्या भरतीत कळेल. ती फेकते, आणि हे पळत जातात, वाकून उचलतात, आणून तिच्या हातात देतात, परत जाऊन उभे राहतात. मी म्हटलं, अहो, तिला स्वतःला आणू द्या, तिचाच व्यायाम होईल. नाही. ती फेकणार, हेच आणणार, शिफ्टला जायच्या आधी रोज. तेव्हा तिची निवड व्हायची तेव्हा होईल हो, यांची कंबर मात्र पहिल्या आठवड्यातच गेली, आणि ती रोज चोळायचं काम माझ्याकडे आलंय... त्यातून कुणाची सुटका होईल असं मला काही दिसत नाही.